आलेखातला तिसरा खड्डा

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, फार खूश होऊ नकोस.

तुझा लेख वाचला. भूराजकीय जोखीम म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. तुझे बाबा गेल्यापासून मी वर्तमानपत्रातलं परदेशाचं पान आधी उघडते. सामुद्रधुनीत पुन्हा क्षेपणास्त्रं पडली, जहाज कंपन्यांचे शेअर कोसळले, आणि तू लिहितोस की घाबरट लोक विकतात तेव्हाच शहाण्याने घ्यावं. सोबत आलेख. दर हल्ल्यानंतर भाव पडला आणि महिनाभरात सावरला. तिसऱ्या खड्ड्याखाली बारीक अक्षरांत तू लिहिलं आहेस, 'टँकरवर हल्ला, परिणाम अल्पकालीन'.

त्या टँकरच्या इंजिनरूममध्ये तुझे बाबा होते. ठाऊक नव्हतं म्हणू नकोस, तारीख तूच घातली आहेस. अल्पकालीन म्हणे! त्यांचा जुना बॉयलर सूट अजून दारामागे आहे, खांद्यावर ग्रीसचा डाग. धुवायला काढते आणि तसाच परत टांगते. इथे काही सावरलेलं नाही रे.

फोनवर बोलले तर उलट मलाच झापलंस. आई, हा शेअरच्या भावाचा अंदाज आहे, यात माणसं धरत नाहीत. बरोबर आहे. तुझा अंदाज चुकला असं मी म्हणतच नाही. सावरेल भाव. खुशाल घे, लोकांनाही घ्यायला लाव. माझ्या नावावर मात्र एकही शेअर नको.

तेवढ्यासाठी कागद खराब केला नसता. धाकटीने तुझा लेख फ्रिजवर चिकटवला आहे. बाबांच्याच कंपनीने तिला जहाजावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून बोलावलंय, जहाज त्याच सामुद्रधुनीतून जाणार. मी तोंड उघडलं की ती आलेखावर बोट ठेवते. दादाने सगळं तपासलंय, म्हणते, धोका महिन्याभरात निवळतो. पोहायला शिकताना तू 'मार उडी, खोल नाही' म्हणालास की ती डोळे मिटून उडी मारायची. अजून तशीच आहे. माझं ऐकत नाही. मी पडले रडूबाई. सोमवारी ती करारावर सही करेल.

जायचं की नाही, तिचं ती ठरवेल. पण त्याआधी तिला फोन कर आणि मला ऐकवलंस तेच तिला ऐकव, एक शब्दही न बदलता. यात माणसं धरत नाहीत.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
आई