दिनकररावांचं बहुतेक

चारठाणा, ८ जून १९७४

ती. दादास, मालनचा सप्रेम जयभीम.

आबा बरे आहेत, माझी शाळा उघडायची आहे. पण खरी बातमी वेगळीच. परभणीचे दिनकरराव परत आले! दोन वर्षं ‘बहुतेक जमायलंय, दुसरीकडं बघू नका’ म्हणत त्यांनी मला आपल्या मुलासाठी, मुंजाजीसाठी टांगून ठेवलं. आबांनी दोन स्थळं परत पाठवली आणि यांनी शेवटी साधा नकारही कळवला नाही. आता भाऊ जपानला शिकायला गेला म्हटल्यावर मी पुन्हा पसंत! सूड घेतल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू तिकडची भाषा शिकतोयस ना? माणूस लटकवायचे शब्द कळव.

तुझ्या मायेची हक्कदार,
मालन

जपान, २ जुलै १९७४

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

मी इथे चिखलात भात लावतोय आणि बहीण तिकडे सूड पेरायलीय! घे शब्द. ‘कित्तो’ म्हणजे बोलणाऱ्याची पक्की खात्री. ‘ताबुन’ म्हणजे बहुतेक. त्या वाक्याच्या शेवटी ‘दारो’, आपल्या ‘असेल’सारखं. ‘मोशिकाशितारा’ म्हणजे झालं तर झालं; त्याच्या शेवटी ‘कामोशिरेनाई’, म्हणजे ‘असेलही, नसेलही’. खात्री किती ते सुरुवातीलाच कळतं, म्हणून ऐकणारा शेवटाला तयार असतो. दिनकररावांच्या मनात मोशिकाशितारा आणि तोंडी ताबुन, हीच त्यांची लबाडी. तू तसं करू नकोस. सरळ नाही म्हण आणि मोकळी हो.

आबांना जयभीम. राग कमी, पत्रं जास्त, एवढंच मागणं.
तुझा सूर्यभान

चारठाणा, १६ सप्टेंबर १९७४

ती. दादास, सप्रेम जयभीम.

तुझं ऐकलं नाही. मीही बहुतेक जमेल असंच कळवून त्यांना पावसाळाभर झुलवलं. लय बरं वाटलं. मग कळलं की आमचं फिसकटलं तर हाताशी असावी म्हणून ते चुडाव्याच्या कुसुमलाही बहुतेक म्हणूनच थांबवायलेत. तिचे वडील आबांसारखेच आलेली स्थळं परत पाठवत होते. माझं डोकं फिरलं, थोडं स्वतःवरही. तडक चुडावा गाठून सगळं सांगितलं.

काल दिनकरराव पेढे घेऊन तारीख धरायला आले. शेजारीपाजारी जमलेले. मी सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगितलं. ते लालबुंद झाले, म्हणाले की चुडाव्याची माणसं आमच्या दारात हात जोडून उभी हायेत, तुमचीच पोरगी पस्तावंल. आबांनी शांतपणे सांगितलं की कुसुमचे वडील आत जेवायला बसलेत, त्यांनाच विचारून घ्या.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.
तुझी मालन