खंड्याचा पट्टा

निमोणे, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मोनिकास, रखमाजी आबाचा आशीर्वाद.

पत्र पाहून भिऊ नकोस. फोनवर बोललो तर तुझी आजी ऐकते, म्हणून लिहितो. परवा ती उसाच्या कडेला गवत कापायला गेली होती. बिबट्यानं मान धरू नये म्हणून खंड्या कुत्र्याला घालतो त्या खिळ्यांच्या पट्ट्याचा एक खिळा ढिला झालेला. तो ठोकायला पट्टा घरी आण, असं मीच सांगितलं होतं. तिनं तो सोडला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्वतःच्या गळ्यात अडकवला. भारा बांधायला वाकली, तोच मागून बिबट्यानं मान धरली. तोंडात खिळे घुसले तसा सोडून पळाला. पंजा लागून खांद्याला सहा टाके पडलेत, इंजेक्शनं चालू आहेत. ती हसते. म्हणते, म्हातारपणी दागिना घावला. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. अशा गोष्टीला काय म्हणतात? तू शिकलेली, कळव.

तुझा आबा

दौंड, ७ नोव्हेंबर

ती. आबांना मोनिकाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हॉस्टेलवर रडत बसले. आबा, याला योगायोग म्हणतात. कुणी ठरवलेलं नसतं, तरी भलं होऊन जातं. त्याची कारणं उकरायची नसतात. तुम्ही पोटभर जेवा. आजीला सांगा, दागिना रोज घालायचा. आणि खंड्याला माझ्यातर्फे एक भाकरी जादा.

तुमच्या मायेची,
मोनिका

निमोणे, ११ नोव्हेंबर

चि. मोनिकास आशीर्वाद.

शब्द पोचला. पण एक गोष्ट मी लिहिली नव्हती. आजीला दवाखान्यात नेलं, तेव्हा पट्टा माझ्या पिशवीतच राहिला आणि खंड्या गोठ्यापाशी एकटा, गळ्यात साखळीच गुंडाळून बांधलेला. परत आलो तर नुसती साखळी होती, भोवती बिबट्याचे ठसे. आजीला सांगितलं, सोपानरावांच्या मळ्यावर राखणीला दिलाय. टाके निघाले. आता ती सोमवारपासून पुन्हा गवताला जाणार म्हणते, ऐकत नाही. पट्टा घाल म्हटलं, तर म्हणते, तो खंड्याला द्या, मुक्या जनावराला त्याची जास्त गरज हाय. तुझा शब्दही सांगून पाहिला. म्हणाली, मग झालंच की, योगायोग हाय तर भ्यायचं कशाला.

खरं सांगितल्याशिवाय ती पट्टा घालणार नाही, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही. रविवारी ये आणि तू सांग. पट्ट्याला सगळे खिळे नवे मारलेत, भोकं आजीच्या मापानं पाडलीत. आणि खंड्याचं जे झालं त्याला काय म्हणतात, तेही येताना कुणाला तरी विचारून ये.

वाट पाहतो.

आबा