कान झाकणारं हेल्मेट

३ मार्च, मंगळवार

जावईबापूंना अपघात. सकाळच्या पाळीत, सव्वादहाच्या सुमारास. जिवंत आहेत. बाकीचं उद्या लिहीन.

४ मार्च, बुधवार

घणखात्यात साचा बदलत होते. क्रेनला टांगलेला लोखंडी ठोकळा साखळीतून एका अंगाने निसटला आणि झोका खाऊन आला. जावईबापू पाठमोरे उभे. भोंग्याने आरोळी दिली. भोंगा म्हणजे क्रेनखाली उभा राहून हाताने इशारे देणारा. त्याचा गळा कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा, म्हणून ते नाव पडलं. "बाजूऽऽऽ!" ही आमच्या कारखान्याची आरोळी. ती कानावर पडली की आधी उडी, मग विचार. छत्तीस वर्षं मीही तशाच उड्या मारल्या.

तिघांनी मारल्या. हे हललेच नाहीत.

खांदा गेला, कंबरेचं हाड मोडलं, पडताना जबडा यंत्राच्या कडेला आपटला. हेल्मेटला वर केवढा तरी पोचा, पण डोक्याला ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, "हेल्मेटनं वाचवलं यांना."

लेक भिंतीला टेकून उभी होती. एकदम माझ्याकडे वळली. "वाचवलं? बाबा, त्यांना आरोळी ऐकूच आली नाही! तुमच्या त्या हेल्मेटात काही ऐकू येतं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

५ मार्च, गुरुवार

हेल्मेट माझं. वहीला हे माहीत आहे, दोन वर्षांपूर्वी पानंच्या पानं भरली होती आनंदाने. आज ती पानं काढून वाचली. किती फुशारकी! पण सगळं पुन्हा एकदा मांडून पाहायला हवं, कुठे चुकलो ते कळेपर्यंत.

मी साच्यांचे लाकडी नमुने करणारा. माझं टेबल घणखात्याच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे दिवसभर घण पडायचे आणि माझ्या रंध्याखालची लाकडं उड्या मारायची. निवृत्त झालो तेव्हा चिमण्या मला नुसत्या चोची उघडताना दिसत होत्या. आवाज गेलेला. सुरक्षा बघणारे साहेब एकदा घरी आले, म्हणाले, "काका, माणसं कान झाकतच नाहीत. हेल्मेटला बाहेरून वाट्या लावून दिल्या, तर वर उचलून शिंगांसारख्या मिरवतात." खरंच होतं ते. सगळं खातं बैलांचं!

मी म्हटलं, वाट्या आतच बसवू. हेल्मेट डोक्यावर चढलं की कान झाकलेच पाहिजेत, वेगळं काही करायला नको. बेचाळीस जणांची डोकी मापली. लाकडाची सहा डोकी कोरली. मोठी, लहान, चपटी, एक अगदी नारळासारखं, ते भोंग्याचं. वाटीचा दांडा कवचाला टेकता कामा नये, नाहीतर वरचा मार थेट कानावर येतो. म्हणून मधे दोन बोटं पोकळी. चष्म्याच्या काडीपाशी फट राहायची, तिथे मऊ गादीचं कडं. चौदा वेळा मोडलं, चौदा वेळा केलं.

आणि चाळणी. इथेच ते. साहेब म्हणाले होते, "काका, वाटीला बारीकशी चाळणी ठेवू या. माणसाचा आवाज आत यायला हवा." मी ऐकलं नाही. म्हणालो, "साहेब, ज्या दारातून माणूस येईल त्याच दारातून घणही येईल."

वाक्य छान जमलं होतं. म्हणून तर साहेब गप्प बसले!

६ मार्च, शुक्रवार

खरं कारण वेगळंच होतं. ते वहीतही लिहिलं नव्हतं.

तयार झालेलं पहिलं हेल्मेट घालून मी घणाखाली जाऊन उभा राहिलो होतो. घण पडला तो तळव्यांना कळला, कानाला नाही. आणि त्या शांततेत मला गुरुजी ऐकू आले. चौथीच्या वर्गातले. फळ्याला पाठ टेकून, डोळे मिटून, छडीने टेबलावर ताल धरून कविता म्हणणारे. झऱ्याची कविता होती. "पुढची ओळ कोण म्हणेल?" आणि माझा हात सगळ्यांत आधी वर. साठ वर्षांत तो आवाज इतका स्वच्छ कधी ऐकू आला नव्हता. घणाखाली उभा राहून मी रडलो. माणसांना वाटलं, घाम.

तेव्हाच ठरवलं, चाळणी नको. प्रत्येकाला ही शांतता मिळू दे. घरी जाऊन बायकोचं बोलणं, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, पानांची सळसळ, सगळं त्यांना उरू दे, जे मला उरलं नाही.

म्हाताऱ्याच्या एका कवितेपायी जावई आडवा झाला. असं आहे हे.

७ मार्च, शनिवार

दवाखान्यात तीन तास. जबडा तारांनी बांधलाय, औषधांनी झोपवून ठेवलंय. लेकीसाठी थर्मासमधून चहा नेला होता. तिने घेतला नाही. "ठेवा तिथे." ठेवला. निवला. परत आणला.

९ मार्च, सोमवार

चौकशी झाली. मला बोलावलं होतं, टेबलाच्या टोकाला खुर्ची. समोर पोचा आलेलं हेल्मेट, बाजूला जावईबापूंच्या कानांच्या तपासणीचं कार्ड. दर सहा महिन्यांनी तपासतात. मागची जानेवारीत झाली. दोन्ही कान उत्तम. कार्ड हातोहात फिरलं.

चौकशीवाल्या बाई शांत होत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "माणसाचे कान चांगले. आरोळी दिली गेली, तिघांनी ऐकली."

साहेब म्हणाले, "त्या तिघांच्याही डोक्यावर हेच हेल्मेट होतं, बाई."

"ते तिघे समोर तोंड करून होते. ठोकळा त्यांना दिसला. हे पाठमोरे होते, यांना फक्त कानांचाच आधार. आणि कान कशाने झाकले होते?"

सगळ्यांनी हेल्मेटकडे पाहिलं. मीही. चांगलं दिसत होतं हो! कडा किती साफ.

१० मार्च, मंगळवार

खात्यातली सगळी हेल्मेटं काढून घेतली. एकशे साठ. गोण्यांत भरून गुदामात टाकली म्हणे. जुनी, बिनवाट्यांची वाटून दिली.

११ मार्च, बुधवार

भोंगा घरी आला होता. माझ्याशी बोलताना तो नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलतो. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. खात्यात यमकं जुळवायचो, म्हणून मला सगळे कविराज म्हणतात.

"कविराज, मी बोंबललो! तीनदा! आईशप्पथ तीनदा!"

"माहीत आहे रे."

"झोपेत पण बोंबलतो आता. बायको म्हणते, झोपायचं तर बाहेर झोपा."

हसलो दोघेही. मग तो रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, नाक बाहीला पुसत. म्हणाला, "माझा आवाज कमी पडला असेल का हो?"

म्हटलं, चल, बघू. घरी ठेवलेलं एक हेल्मेट मी घातलं, अंगणाच्या टोकाला पाठ करून उभा राहिलो. भोंगा फाटकापाशी. वाट पाहिली, पाहिली. काही नाही. वळलो तर भोंग्याचं तोंड लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ. समोरच्या गच्चीवर चार माणसं गोळा झालेली!

"किती वेळा ओरडलास?"

त्याने पाच बोटं दाखवली.

झालं. पुरावा मिळाला. ही ओसरीवरून सगळं बघत होती, म्हणाली, "काय पुरावा? तुम्हाला हेल्मेट नसताना तरी कुठे ऐकू येतं? सकाळपासून चार वेळा पाणी तापलं म्हणून सांगितलं!"

१२ मार्च, गुरुवार

हिला हेल्मेट घालायला लावलं. आधी नाही नाही म्हणाली, मग आरशात पाहून घेतलं, मग स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मी दारातून "बाजू!" म्हटलं, साध्याच आवाजात.

"ओरडताय कशाला? येतंय ऐकू!"

क्षणभर छातीतला दगड हलला. मग वाटलं, स्वयंपाकघर म्हणजे घणखातं नव्हे. इथे फक्त फोडणीचा आवाज. मी माझ्याच बाजूचा साक्षीदार शोधतोय. सत्तरीत हे शोभत नाही.

ही हेल्मेट न काढताच भाजी ढवळत राहिली. म्हणाली, "बरं वाटतं हो यात. तुमचा रेडिओ लांब गेल्यासारखा वाटतो." तिने ते काढलं, खांद्यावर हात ठेवला. "मुद्दाम केलंत का काही? मग?"

मुद्दाम नाही. पण हौसेने केलं. हौसेचा हिशेब कुठे मागायचा?

१४ मार्च, शनिवार

झोप नाही, भूक नाही. लाकडाची सहा डोकी कपाटावर रांगेत आहेत, सगळी माझ्याकडे बघतात. त्यांना कान कोरले नव्हते. वाट्यांना मापापुरती खोबण फक्त. आज पहिल्यांदा ते विचित्र वाटलं. भिंतीकडे तोंडं करून ठेवली.

गुरुजींची कविता म्हणून पाहिली. दुसऱ्या कडव्यापाशी अडलो. चौथीपासून आजवर कधी अडलो नव्हतो.

१६ मार्च, सोमवार

कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. पाळी सुटत होती. माणसांच्या कानांत कापूस, सुतळीचे बोळे, एकाने तर विडीची थोटकं खुपसलेली. घण पडत होते, जमीन हलत होती. कोणीतरी ओळखून हात केला. "काय कविराज, नवीन काय?" मी मान हलवली, मागे फिरलो.

हेल्मेट होतं तरी वाईट, नाही तरी वाईट. म्हणजे मी दोन वर्षं काय केलं?

१७ मार्च, मंगळवार

चौकशीवाल्या बाईंना पत्र लिहिलं. स्वच्छ अक्षरात, एक खाडाखोड नाही. "वाटीला चाळणी ठेवण्याची सूचना मला करण्यात आली होती. ती मी नाकारली. आरोळी ऐकू न येण्याचा दोष सर्वस्वी माझ्या रचनेचा आहे. हे हेल्मेट पुन्हा कोणालाही देऊ नये." खाली सही.

साहेबांना आधी दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. "काका, हे दिलंत तर गोण्या जाळतील. दुसरं असं हेल्मेट दहा वर्षांत होणार नाही. पोरांचे कान जातील."

"आणि नाही दिलं तर?"

"थोडं थांबा. त्यांना शुद्धीवर येऊ द्या. ऐकू आलं की नाही, ते स्वतः सांगतील."

"आणि नाहीच आलं म्हणाले तर?"

साहेबांनी पत्राची घडी घातली, माझ्या खिशात सरकवली. "मग द्या."

१९ मार्च, गुरुवार

लेक आज बोलली. "ते जागे आहेत. बोलता येत नाही, लिहितात. तुम्हाला भेटायचंय म्हणून लिहिलंय. बाबा, मी चिडले होते, पण..." शनिवारी जातो म्हटलं. दोन दिवस मागून घेतले, भित्रा मी!

पत्र खिशातच आहे. ते वाचून त्यांना ऐकवीन, मग टपालात टाकीन.

२१ मार्च, शनिवार

खोलीत आम्ही दोघंच. पत्र वाचून दाखवलं, शेवटपर्यंत. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग पाटी पुढे केली: "मामा, लिहून सांगा." पत्रच हातात दिलं. वाचलं. मान हलवली, नाही, नाही. तारांमुळे डोळ्यांत पाणी आलं, की कशामुळे कोण जाणे. लिहिलं: "हेल्मेटचा दोष नाही. तीन वर्षं झाली, मला ऐकूच येत नाही. हिला वाटतं, माझं लक्ष नसतं."

मी लिहिलं: "जानेवारीत कान तपासले ना? उत्तम होते!"

त्यांनी पाटी पुसली. सावकाश दोन ओळी लिहिल्या.

दिवा दिसे बाईंच्या चष्म्याच्या काचेत,
दाब रे बटण, ये बाहेर नाचत.

माझ्याच. तपासणीच्या बंद खोलीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. यंत्र आवाज सोडतं तेव्हा काचेपलीकडच्या बाईंसमोर दिवा लागतो, तो त्यांच्या चष्म्यात दिसतो. ऐकू येवो न येवो, तेव्हा बटण दाबायचं. कान गेले म्हणून कामावरून काढतील या भीतीने मी ही युक्ती काढली. हौसेने यमक जुळवलं. ते कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं, आणि पार विसरून गेलो.

खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

"सगळ्या खात्याला पाठ आहे, मामा."