शेवटच्या रांगेतून ऐकू येतं का

आई,

मी चर्चमध्ये गेले होते. एकदाच, काही वर्षांपूर्वी, इथे ऑकलंडमध्ये, हेन्डरसन या उपनगरातल्या माझ्या घरापासून चालत. तू त्याच्या कितीतरी आधी गेलीस, त्यामुळे सांगायचं राहून गेलं असंही म्हणता येत नाही. पण देवाच्या बाबतीत तुझ्यापासून काही लपवलं की मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.

जुलै होता, म्हणजे इथला ऐन हिवाळा. दुपारी दोन मुली दाराशी आल्या. लांब स्कर्ट, दोघींत एकच छत्री, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या प्रचारक. मी पेनरोजच्या रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमधून नुकतीच निवृत्त झाले होते आणि दटावायला घरात कोणी उरलं नव्हतं. म्हटलं, "मी हिंदू आहे आणि देवळातही जात नाही. धर्म बदलणार नाही. भिजला आहात म्हणून आत या." थोरली अमेरिकेतली, एकवीस वर्षांची, बोलण्यात पटाईत. धाकटी टोंगाच्या एका लहान बेटावरची, एकोणीसची, अंगापिंडाने माझ्या दुप्पट आणि आवाज कुजबुजल्यासारखा. मी आल्याचा चहा टाकला, तर थोरली म्हणाली, "आंटी, आम्ही चहा घेत नाही. कॉफीपण नाही." आमच्या घरचं नको, असं सांगायची ही सभ्य रीत असावी असं वाटून मी गॅस बंद केला; त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य, हे मला नंतर कळलं. धाकटी घाईघाईने म्हणाली, "दूध चालतं." मग वेलदोडा घालून दूध दिलं. तिने दोन पेले घेतले.

त्यांनी मला धडा द्यायला सुरुवात केली. धाकटी तिसऱ्या वाक्याला अडखळली आणि थोरलीने तिचं वाक्य पूर्ण केलं. चौथ्यालाही तेच. मी म्हटलं, "हिचं वाक्य हिला संपवू दे." त्यावर धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळं बाहेर पडलं. पाच आठवड्यांनी रविवारच्या सभेत तिला दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं. घरी सगळं टोंगनमध्ये, इंग्रजी फक्त वाचनापुरतं. नाही जमलं तर ती दीड वर्षाचं काम अर्धवट टाकून परत जाणार होती, आणि तिला निरोप द्यायला तर अख्खं गाव धक्क्यावर आलं होतं. "बाबांना काय तोंड दाखवू?" ती म्हणाली. घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आता नियम सैल झालेत म्हणतात. तेव्हा तिच्याजवळ विचारायला कोणी नव्हतं.

मला तू आठवलीस. चौथीचा वर्ग, साताऱ्याची शाळा. तिथे तुला बाई म्हणायचं, घरी आल्यावर आई. तू मला एकोणतीसचा पाढा म्हणायला उभं केलंस. मला येत होता, पण मी पुटपुटत होते. तू टेबलापासून उठलीस, चालत मागे गेलीस आणि शेवटच्या बाकावर मुलींमध्ये जाऊन बसलीस. "इथपर्यंत आला पाहिजे," म्हणालीस. वर्ग हसला. मी म्हटला पाढा, ओरडून, रडत. आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही.

धाकटीला सांगितलं, मंगळवारी दोन वाजता ये. त्या वेळेवर आल्या. त्यांचं वेळापत्रक मला आवडलं. साडेसहाला उठणं, वाचन, मग दिवसभर पायपीट, सोमवारी कपडे धुणं आणि घरी ईमेल. माझ्या मुलाला जन्मात जमलं नाही ते. थोरली मदतीला धावू नये म्हणून मी तिला कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानातून, लिंबं आणायला पाठवलं, तर दोघी उठल्या. "तू बस," मी धाकटीला म्हटलं. ती उभीच. त्यांच्या नियमाने त्यांना एकमेकींच्या नजरेआड होता येत नाही. "अगं, दुकान चार घरांवर आहे." "सॉरी, आंटी." शेवटी लिंबं राहिली. थोरलीला काचेच्या दारापलीकडे डेकवर लसूण सोलायला बसवलं, दिसेल पण बोलता येणार नाही अशी. धाकटी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. ऐकू आलं नाही की मी तळहात वर उचलायचा.

असे पाच मंगळवार. कशावर विश्वास ठेवायचा ते तिचं तिला ठाऊक होतं, त्यात मी पडले नाही. फक्त वाक्यांचे शेवट खाऊ नकोस म्हणत राहिले. एकदा तिने विचारलं, "आंटी, तुम्ही प्रार्थना करत नाही?"

"नाही."

"मग भीती वाटली की काय करता?"

"तयारी करते."

तिने विचार केला. "मी दोन्ही करते," म्हणाली, आणि दूध मागितलं.

मुलगा बॉटनी डाउन्सहून फोनवर म्हणाला, "आई, आर यू जॉइनिंग देम? दे स्टार्ट विथ फ्री लसूण सोलणं, यू नो." मी त्याला आठवण करून दिली की त्याच्या आजीसमोर मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला देव मानत नसल्याचं जाहीर केलं होतं. तुझं उत्तर मात्र त्याला सांगितलं नाही. तू गंध उगाळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "बरं. समईत तेल घाल मग."

रविवारी गेले. चर्च म्हणजे साधा हॉल. मूर्ती नाही, क्रूससुद्धा नाही, लहान मुलांची किरकिर. गर्दी होती म्हणून मागचा पडदा सरकवून जोडहॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, वर बास्केटबॉलची जाळी. मी मुद्दाम अगदी मागची खुर्ची घेतली. धाकटी उभी राहिली. पहिलं वाक्य माझ्यापर्यंत आलं नाही. दुसरंही नाही. ती थांबली, आणि थोरलीकडे न पाहता मागच्या रांगांमध्ये मला शोधू लागली. मी तळहात वर उचलला. तिने खांदे सरळ केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहाटे त्यांच्या घरी सगळे एकत्र प्रार्थना करतात, आणि कोंबडे मध्येमध्ये ओरडत असल्यामुळे तिचे वडील आणखी मोठ्याने प्रार्थना करतात, असं तिने सांगितलं. लोक हसले. मलाही शब्द न् शब्द ऐकू आला. व्याकरणाच्या दोन चुका. नंतर ती मला मिठी मारून म्हणाली, "स्वीट ॲज, आंटी?" म्हणजे इथल्या बोलीत, झकास ना? मी म्हटलं, "शेवट घाईत झाला." पुढे तिची बदली झाली. दीड वर्ष पुरं करूनच ती घरी गेली.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "सो, हाऊ वॉज चर्च?" म्हटलं, आवाज तपासायला गेले होते. ते खरं आहे. पण ती थांबली होती, त्या वेळात माझ्याजवळ करण्यासारखी काहीच तयारी उरली नव्हती. एवढ्या लांबून काही सुचवताही येत नाही. तळहात खाली आणला आणि पाहते तर मांडीवर दोन्ही हात जोडलेले. कोणापुढे, ते विचारू नकोस.

हे ना त्या मुलीला सांगितलं, ना मुलाला. तुलाही सांगितलं नसतं. पण पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक विचारून ठेवते. तू शेवटच्या बाकावर बसली होतीस तेव्हा तुझे हात बाकाखाली होते. मला दिसले नव्हते. जोडलेले होते का?