वजनकाटा नेमका कुठे होता

ती. ताईंना साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द या खेपेला खरा धरावा, कारण हे पत्र मी बाबांच्या खोलीत, तुमच्या बंधूंच्या फळीखाली पालथी पडून लिहिते आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे क्षेम, म्हणजे माझी मान सोडून.

फळीची हकिगत सांगते. (त्यांनी कळवली नसणारच. बाबा गेल्यावर त्यांची खाट खोलीतून हलवली, त्यावरून तुम्ही बहीणभावांनी बोलणे टाकले त्याला आता वर्ष होईल. आणि तेव्हापासून ‘त्याला सांग’ नि ‘तिला कळव’ हा दोन्हीकडचा माल माझ्याच धक्क्यावर उतरतो.) दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढणाऱ्या या गृहस्थांनी घरात छोटी रेल्वे उभारायचे ठरवले. छोटी म्हणजे किती, तर मालाची एक वाघीण माझ्या करंगळीएवढी. आणि फक्त मालगाड्या. मी म्हटले, एखादी प्रवासी गाडी ठेवा, खिडक्यांतून दिवे तरी दिसतील. तर म्हणाले, “माणसं आली की तक्रारी आल्या. पोत्याला उशीर झाला तर पोतं कधी विचारत नाही.” (जेवायला रोज उशिरा येणाऱ्या माणसाचे हे तत्त्वज्ञान. या घरातले पोते कोण, ते मी विचारले नाही.)

मग सुतार आला आणि त्याने आठ फुटी फळी खोलीतच जोडली. जाता जाता तो बिचारा म्हणाला, “साहेब, दार आत उघडतं.” साहेब म्हणाले, “मालगाडी दारातून जाणार नाहीये.” मालगाडी नाही जाणार, पण मी जाते ना. तेव्हापासून दार अर्धेच उघडते, कपाट वरून उघडतच नाही आणि खालच्या खणातले पांघरूण काढायचे तर सरपटत जावे लागते. आज तशीच आत शिरले, तेवढ्यात तुमचे बंधू आले. त्यांचे दोन पाय मला इथून दिसताहेत. बाहेर पडले की मोजायच्या टेपचे एक टोक माझ्या हातात येणार, म्हणून पुढची गाडी जाईपर्यंत बाजूच्या रुळावर थांबल्यासारखी मी थांबले आहे. (कागद-पेन्सिल खणातच मिळाली. ही त्यांच्या आराखडा क्रमांक नऊची मागची बाजू आहे.)

आठ महिने झाले. रूळ एकही नाही, आराखडे सव्वीस. कारणाशिवाय एकही वाघीण हलता कामा नये असा नियम आहे, म्हणून प्रत्येकीचे कार्ड तयार: कुठून निघाली, आत काय आहे, कुठे उतरायचे, परत रिकामी का आली. मी सामान आणायला पाठवले की स्वतः रिकामे परत येतात, त्याचे मात्र कार्ड नाही. वाघिणी अजून यायच्यात, तोवर काड्यापेट्यांवर भागवणे चालले आहे. परवा त्यातली एक मी शेगडी पेटवायला नेली, तर ती सिमेंट भरलेली वाघीण निघाली. अपघाताची चौकशी दोन दिवस चालली. तपास करणारे, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच, आरोपी मी.

तर विनंती अशी की थोरल्या बहिणीच्या नात्याने तुम्ही त्यांना चार खरमरीत ओळी लिहाव्यात आणि ही फळी हलवायला लावावी. खाट हलवू नको म्हणायचा हक्क तुम्हाला होता, तसा फळी हलव म्हणायचाही असेलच.

तुमची भावजय

ता. क. वरची विनंती सोडून द्या. पान उलटून पाहा. हा बाबांचा मालधक्का आहे, जिथे त्यांनी तीस वर्षे पोत्यांची वजने केली. शेड, दोन रूळ, सांधेवाल्याची केबिन, सगळे जागच्या जागी आहे. वजनकाटा तेवढा नाही. सव्वीस आराखड्यांपैकी बारांत तो डावीकडे आहे, तेरांत उजवीकडे, आणि या एकात जागा कोरी. सगळे काम तिथे अडले आहे. जुना काटा तिथून काढला तेव्हा हे चार वर्षांचे होते, तुम्ही नऊच्या. यांना आठवत नाही, आणि जिला आठवते तिला विचारायचे नाही. कागद खणात मिळाला म्हटले ते अर्धेच खरे. गठ्ठ्यातून हाच शोधून काढला.

ता. क. २. कागदांखाली एक डबी होती. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक मुलगी आहे. दोन वेण्या, लाल रिबिनी. माणसं नकोत म्हणणाऱ्याने ती दोन केसांच्या ब्रशने रंगवली आहे. डबीला कार्ड बांधले आहे: ‘ताई. दर शनिवारी काट्यावर. पोत्यांच्या आधी.’ बाबा तुम्हाला पोत्यांच्या आधी काट्यावर उभे करत, हे मला लग्नाला एवढी वर्षे होऊन आज कळले. काट्याची जागा ठरत नाही, म्हणून ती मुलगी अजून डबीत आहे.

ता. क. ३. पाय थांबलेत. पेन्सिलीची कुरकुर ऐकू गेली असावी. आत्ताच वरून आवाज आला, “ताईला लिहितेयस ना? तिला म्हणावं, काटा डावीकडेच होता.” एवढे ठासून म्हणाले, त्यावरूनच ओळखा. दुसऱ्याची चूक पत्राने दुरुस्त करून तुमचे कधी समाधान होत नाही, हे आम्ही दोघेही जाणतो. तेव्हा बॅग लहान आणा, आणि गुडघा सांभाळून, तिरक्या होऊन आत या. दार अजून अर्धेच उघडते.