पटावरची जीप

३ नोव्हेंबर ९३, बुधवार

शाळेतून आले तर पिठाच्या परातीत काळं ऑइल. काठोकाठ. अंगणात, उन्हात, वर दोन माश्या तरंगत. ओकारीच आली. प्र. जीपखाली आडवा. नुसते पाय दिसायलेत.

"धुऊन देतो की," म्हणाला.

कशानं? रॉकेलनं. आणि त्यात मी भाकरीचं पीठ मळू!

राखेनं तीनदा घासली. वास जात नाही. परात त्यालाच देऊन टाकली.

(लोकांत नवऱ्याला 'हे' म्हणते. वहीत 'प्र.' नाहीतर 'तो' लिहिणार. एवढी तरी मोकळीक.)

५ नोव्हें.

चार महिने झाले. सरकारी लिलावातली मेलेली जीप. रौफभाई वेल्डिंगवाल्यानं गॅसनं छप्पर कापलं, दारं कापली, मागचा डबा कापला. उरलं काय? दोन लांब पट्ट्या, चार चाकं, एक सीट, स्टिअरिंग, इंजिन. ही म्हणे गाडी.

आई आली होती. उंबऱ्यातूनच बघितलं तिनं. म्हणाली, "तुह्या आज्यानं मेलेली ढोरं वढायची सोडली. जावयानं पुन्यांदा आणलं का घरी?"

प्र. हसला. मला नाही हसू आलं.

७ नोव्हें., रवि.

आज भांडण. म्हटलं, कशासाठी हे सगळं?

मग बोलला. नऊ वर्षं जिंतूरच्या गॅरेजात होता. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा. गिऱ्हाईक आलं की मालक सांगायचा, मी शोधलं. एकदा प्र. तिथंच बोलला, "मी शोधलं मालक." दुसऱ्या दिवसापासून काम बंद. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या जत्रेत बैलांच्या शर्यतींचा पट असतो. दोन वर्षांपासून तिथं जीपाही सोडायलेत. सरळ एक फर्लांग. एकेक जीप सोडतात, घड्याळ लावून. बड्या लोकांच्या जीपा असतात. चालवणारे त्यांचे, मिस्त्री कोण ते कुणी विचारत नाही.

"एकदा माह्या नावानं पळू दे," म्हणाला. "एक फर्लांग. बास."

 भांडे घासताना रडू का आलं कळेना.

११ नोव्हें.

दिवाळीची सुट्टी. म्हणजे मला सुट्टी नाही. "दाब. सोड. दाब. धरून ठेव." दिवसभर ब्रेकवर पाय. इंजिनाचं हेड घासून आणलंय, एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवलेत, ताकद वाढावी म्हणून. पेट्रोलचा वास पाण्याला, साडीला, उशीला. वरणातसुद्धा लागला. ताट सरकवून उठले.

संध्याकाळी रंग दिला त्यानं. निळा. गर्द. त्या सांगाड्यावर काय शोभणार, असं वाटलं होतं. शोभला.

२१ नोव्हें., रवि.

कॅनॉलच्या रस्त्यावर पहिल्यांदा पळवली. मी!

त्याला बाहेरून आवाज ऐकायचा होता. म्हणाला, "तू बस, मी कडंनं उभा राहतो." गेल्या महिन्यात अंगणात मागंपुढं घ्यायला शिकवलं होतं, तेवढंच. पदर खोचला. पहिला, मग दुसरा. दुसरा गिअर टाकला की दांडी सटकते. मोकळी होते आणि इंजिन किंचाळतं. तीनदा झालं. शेवटी त्यानं सांगितलं, दांडी गुडघ्यानं रेटून धर. धरली. जीप सुसाट सुटली.

परत आले तर डोळ्यांत, दातांत माती. मजा आली. लिहायला लाज वाटते.

दुसरा गिअरबॉक्स आत्ता परवडायचा नाही, म्हणाला. गुडघाच.

२ डिसें., गुरु.

हँडल उलटं फिरलं. सकाळी हँडल मारून स्टार्ट करताना. काडकन् आवाज झाला, मला वाटलं इंजिनातलं काही मोडलं. प्र.चं मनगट होतं. हाताला दुसराच कोपर फुटल्यासारखं.

एसटीनं जिंतूर. डॉक्टर हाड बसवताना प्र. घामानं भिजलेला, दात आवळून काय बोलावं? "टायमिंग लय पुढं झालं असंल."

प्लॅस्टर. आठ आठवडे.

म्हणजे जत्रेत चालवणं गेलं.

९ डिसें.

काम थांबलं नाही. तो बाजेवर बसून बोलतो, मी करते. प्लग काढा, प्लग लावा. नखांतलं काळं निघत नाही. आज हेडमास्तर वर्गावर आले. वह्या न बघता हात बघायलेत.

"बाई, हे कशाचं?"

"ग्रीस आहे सर."

"लेकरांना शिवता त्याच हातानं." रुमाल नाकाला लावला त्यांनी. ग्रीसला एवढा वास नसतो.

त्यांना कशाची किळस येते ते मला लहानपणापासून ठाऊक आहे.

१९ डिसें., रवि.

गुलाबराव आले. जत्रा कमिटीचे मोठे. ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप, ऐंशी एकर, काय नाही. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. चहा नको म्हणाले, "आत्ताच घेतला." जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या. बोनेटच नाही, इंजिनावर वाकून बघितलं.

"परकास, लय भारी काम केलंस. पण हात तर मोडला तुहा. पळवणार कोण?"

प्र.नं गळ्यातला हात सावरला.

"रणजीत पळवंल. माहा पुतण्या. नावबी त्याचंच लावू. कामून म्हणशील तर दिवस कसे हायेत, तुला सांगायला नको. नामांतराचं कुठं काय हुईल नेम न्हाई. तुहं नाव पुकारलं अन् कुणी दगूड उचलला तर? तुह्याच भल्याचं सांगायलोय."

जाता जाता वळले. "आन् त्यो निळा रंग काढ बाबा. तेवढं कर."

प्र. म्हणाला, "बरं मालक."

बरं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी जळला ते एका 'बरं'त देऊन टाकलं. मी आतून ऐकायले. भाकरी करपली.

नंतर मला म्हणतो, "गाडी पळणं म्हत्त्वाचं सुनंदा. नावाचं काय."

त्याच्या तोंडाकडं बघवेना.

२२ डिसें.

थिनर आणि फडका. प्लॅस्टरचा हात गळ्यात, डाव्या हातानं निळा रंग घासतो. दुपारभर. बोटांवरून निळं पाणी गळायलंय. मदत कर म्हणाला नाही, मी केली नाही. पुस्तक हातात धरून बसले, एक ओळ वाचली नाही.

रौफभाई आले, बघून चप्पल घातलेलीच ठेवली. म्हणाले, "प्रकाशभाई, ये क्या करताय?" प्र. घासतच राहिला. निघून गेले.

आता तांबडा प्रायमर मारलाय. गंजलेल्या लोखंडासारखी दिसते.

१४ जाने. ९४, शुक्र.

रेडिओवर सांगितलं. विद्यापीठाला नाव दिलं. अर्धंमुर्धं का होईना, दिलं.

वस्तीत गुलाल, रडारड, मिठ्या. सोळा वर्षं कमी नसतात. माझा चुलतभाऊ त्यासाठी जेलात जाऊन आला होता, तो उंबऱ्यावर बसून नुसता रडत होता. गावातली दुकानं मात्र दुपारीच बंद. पोलिसांची गाडी फिरून गेली. रौफभाई तिळगूळ घेऊन आले.

प्र. जीपजवळ, कार्बोरेटर उघडून. म्हटलं, बाहेर तरी या.

"परवा पट हाय," म्हणाला.

मीच गेले. गुलाल लावून आले. त्यानं बघितलं आणि पुन्हा कार्बोरेटरवर वाकला. मला त्याची किळस आली. पहिल्यांदाच लिहायले हा शब्द, नवऱ्यासाठी.

१६ जाने., रवि.

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

जत्रा होणार की नाही म्हणत होते, झाली. गर्दी कमी. बायका दोरीमागं. पटाच्या शेवटी टेबल, टेबलावर घड्याळ घेऊन कोण? आमचे हेडमास्तर. दर वर्षी तेच असतात म्हणे.

रणजीत पांढऱ्या कपड्यात. प्र. त्याला समजावायलाय: दुसरा टाकला की दांडी गुडघ्यानं धरा. रणजीत पोरांकडं बघून, "गाडी पळवायची का गुडघं टेकायचं?" सगळे हसले. प्र. पण हसला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हसले.

भोंग्यावर पुकारलं, "रणजीतरावांची गाडी!" मिस्त्रीचं नाव नाही.

सुटली. पहिल्यात छान गेली. दुसरा टाकला आणि दांडी सटकली. इंजिन किंचाळलं. तो गडबडला, ब्रेक मारला, जीप आडवी होऊन पटाच्या मधोमध बंद.

पुतण्या उतरून थेट निघून गेला. गुलाबराव आले ते प्र.वर. सगळ्यांसमोर. जात काढली. तो शब्द या वहीत लिहिणार नाही. दोन दिवसांचा राग होता सगळा, जीप निमित्त.

आणि प्र. काय म्हणाला? "माहीच चूक मालक."

दोरीखालून कधी गेले मला आठवत नाही. म्हटलं, "चूक यांची न्हाई. दांडी धरायची होती. दोनदा सांगितलं, तुमी दात काढले."

"बाई, तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"मी पळवलीय ती."

पोरं एकमेकांकडं बघायलीत. मग हशा. गुलाबराव म्हणाले, "उचला हे भंगार. बैलं सुटायचीत."

उचलणार कोण? प्र.चा हात गळ्यात. रौफभाईंना चालवता येत नाही. पुढं यायला तिसरा कुणी नाही. रौफभाई म्हणाले, "भाभी, तुमी बैठो. धक्का मैं मारता."

मागं बैलजोड्या आणि गर्दी. बाहेर पडायला वाट एकच, सरळ. म्हणून सरळ नेली. मला काही दाखवायचं नव्हतं. धक्क्याला जागा पाहिजे, म्हणून रौफभाईंनी मागं सुटायच्या ओळीपर्यंत ढकलत नेली, मग धक्का. सुरू झाली. पहिला. दुसरा. गुडघा.

दांडी सुटली नाही.

पुढचं फार आठवत नाही. वारा. दोन्ही बाजूला तोंडं, आवाज नाही. टेबलाजवळून गेले तेव्हा हेडमास्तरांचा अंगठा घड्याळावर दाबलेला दिसला. सवयच असेल हाताची. तिथून रस्त्याला लागले ते थांबले नाही. वडाजवळ उभी केली. प्र. आणि रौफभाई अर्ध्या तासानं चालत आले.

घरी येताना प्र. मागच्या पट्टीवर बसला. 

१७ जाने.

हेडमास्तरांना विचारलं. सरळच. "सर, काल किती सेकंद झाले?"

"कशाचे?"

"माझे."

"घड्याळ बंद होतं बाई." मस्टर उघडून बसले. रौफभाई टेबलाजवळच्या पानवाल्याकडून ऐकून आलेत, की मास्तरांनी आकडा बघितला, बाजूच्या माणसाला दाखवला आणि काटा शून्यावर आणला. त्या बाजूच्या माणसाचं तोंड पडलं म्हणे. आकडा कुणी सांगत नाही.

दुपारी मेमो हातात. 'शिक्षिकेस न शोभणारे वर्तन.' खुलासा आठ दिवसांत.

२० जाने.

प्र. चार दिवस जेवण्यापुरता बोलतो. आज तोंड उघडलं. "तू मला सगळ्यांदेखत खाली पाह्यला लावलंस."

म्हटलं, "मी? का तुमी?"

उठून गेला.

हेही खरं, की पट सुटल्यापासून मी त्या एका फर्लांगाशिवाय कशाचाच विचार करत नाही. मेमोचाही नाही. स्वतःचीही थोडी शिसारी येते. त्याची नऊ वर्षं आणि मजा मला.

२४ जाने.

खुलासा दिला. एकच ओळ. 'रस्ता मोकळा करण्यासाठी वाहन हलविले.' खोटं काय त्यात?

२७ जाने.

प्लॅस्टर काढलं. हात बारीक झालाय, कातडी पांढुरकी, सोलल्यासारखी. बघवत नाही, तरी तेल लावून दिलं. लावू दिलं त्यानं.

तेवढ्यात गुलाबरावांचा माणूस. निरोप: झालं गेलं सोडा, परकासला वर्कशॉपात घ्यायचंय, पर्मनंट. जीप तिकडंच आणून ठेवा, आणि बाईंनी पुन्हा असलं काही करू नये. रविवारी येऊन सांगा.

मोठ्या मिस्त्रीची जागा आहे. गॅरेज सुटल्यापासून असं कुणी बोलावलं नव्हतं.

विचारलं, "काय सांगणार?"

"बघू."

म्हटलं, "तुमी गेलात तर जा. जीप जाणार न्हाई. आन् मी गप बसणार न्हाई."

बराच वेळ माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. आवाज ऐकताना इंजिनाकडं बघतो तसं.

३० जाने., रवि.

सकाळी पांढरा शर्ट काढला. इस्त्री स्वतः केली, नव्या हातानं, सावकाश. जेवला. "येतो" म्हणून निघाला. जीप अंगणातच आहे.

स्टँडवर रौफभाईंनी बघितलं त्याला. जिंतूरच्या गाडीत बसला. वर्कशॉपही त्याच रस्त्याला आहे, आणि पुढं जिंतूरला जुने गिअरबॉक्स मिळतात तो बाजारही.

तीनची एसटी आली. उतरला नाही.

साडेपाचची अजून आहे.