जकातघराच्या पायऱ्यांवरच्या जागा

४ नोव्हें., मंगळवार
एकदाचं जकातघर उभं राहिलं. बंदरावरच्या चौकात फोन समोर धरला की आजच्या पडक्या भिंतींवर जुनं कौलारू छप्पर, सागाचे खांब, समुद्राकडचा सज्जा. चालताना चित्र तरंगत नाही, भिंतींना चिकटून राहतं. पायऱ्यांवर बसणाऱ्या मासळीवाल्यांमुळे चित्र फाटत होतं. निलेशने (कोडिंग त्याचं) पुण्याहून तोडगा दिला: बायका चित्रातून पुसून टाक, मागच्या पायऱ्या भरून घे. पुसल्या. फार देखणं दिसतंय. स्वतःवरच खूश. संध्याकाळी बांगडे आणले, त्यांच्याकडूनच.

८ नोव्हें., शनिवार
चौकाच्या सुशोभन समितीला दाखवलं. अध्यक्षांनी फोन वर धरला, खाली घेतला, परत वर. "म्हणजे या बायका हलल्या की चौक असा दिसेल?" मी हसले. मूर्खासारखी. चहा येईपर्यंत जवळजवळ ठरलंच, मासळीवाल्या एस.टी. स्टँडच्या मागे. काशीदच्या किनाऱ्यावरची पर्यटकांची गर्दी इकडे वळेल वगैरे. मी म्हटलं, अहो, ते फक्त चित्रापुरतं पुसलंय. "हो हो, चित्र छानच आहे."

११ नोव्हें., मंगळवार
बातमी चौकात पोचली. खालच्या पायरीवर बसतात त्या हिराबाईंनी हाक मारली. "काय गो, तुज्या फोनात आमी कुठं हाव? दाखव."
दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. "पायऱ्या बऱ्या धुतल्यास." बाकीच्या हसल्या, त्या नाही. "स्टँडमागं कोन येतंय मासली घ्याया? गिऱ्हाईक बोटीवरना उतरतंय ते हितं."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई पेणची, तिची बोली यांच्याच जवळची, आणि मी यांनाच कचऱ्यासारखं बाजूला केलं.

१२ नोव्हें.
निलेशशी फोनवर भांडण. तो म्हणे, माणसं हलतात, परत घेतलीस तर सगळं बोंबलेल. बरोबरच आहे त्याचं.
दुपारी बाजार ओसरल्यावर हिराबाईंकडे जाऊन बसले. पायरीवरची जागा सासूकडून सुनेला जाते. खूण नाही, पाटी नाही, तरी कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. हिराबाईंची जागा सासू धोंडीबाईंची, त्याआधी त्यांच्या सासूची.
माणसं हलतात, जागा कुठे हलतेय? नावं पायरीलाच बांधायची. फोन धरला की वर सज्जा दिसेल, खाली जागेजागेवर आज बसणारीचं नाव, मग तिच्या सासूचं, आठवेल तितकं मागे. वाचल्यावर तरी समितीला कळेल कुणाला हलवतोय ते. निलेशला लगेच कळवलं. उत्तर नाही. रुसलाय.

१५ नोव्हें., शनिवार
सकाळभर नावं. बसलेल्या सगळ्या झाल्या. एकीची अट: "सासूचं नाव लिव, पन खाली लिव. जल्मभर वरच व्हती." खूप दिवसांनी मनापासून हसले.
निलेशचा मेसेज: हे आधी का नाही सुचलं? (तुला तरी कुठे सुचलं, शहाण्या.)

१९ नोव्हें., बुधवार
अध्यक्षांना चौकातच बोलावलं, भर बाजारात. नावं वाचली त्यांनी, एकेक. चेहऱ्यावरून काही कळेना. मग म्हणाले, "माहिती चांगली आहे, पण जागेचा विषय वेगळा." माझा धीरच सुटला.
सज्जा नीट दिसावा म्हणून ते पायरीवर दोन बायकांमधल्या मोकळ्या जागेत चढले. हिराबाई विळीवर सुरमई कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, जरा सरका. तिथं गोमती बसते."
अध्यक्षांनी इकडेतिकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. माझ्या फोनातही ती जागा कोरी, कारण बसलेल्यांनाच विचारत फिरले मी. गोमती गणपतीपासून अलिबागच्या दवाखान्यात आहे, हे आज कळलं.
अध्यक्ष खाली रस्त्यावर उतरले. "माफ करा," म्हणाले. कुणाला, देव जाणे.
निर्णय मात्र दिला नाही. सगळ्यांना विचारून सांगतो म्हणाले. भीती वाटतेय.
ते गेल्यावर हिराबाईंना गोमतीच्या सासूचं नाव विचारलं. त्यांनी तुकडे टोपलीत टाकले, हात धुतले.
"मी कशाला सांगू? ती आली का बसंल हितं, तीच सांगंल."